पावलांचा उजेड

“पाय उचल गं मैने. बसलीस की वाट वाढतीया.”

भागूआत्याचा हा आवाज. तिच्या डोक्यावर गवताचा भारा, मागं चिमुरडी मैना, आणि पठारावरून खाली उतरणारी तांबडी पायवाट. पोर रडकुंडीला आली तरी आत्या रागवायची नाही. ओवी म्हणायची. मग ओवीच्या ठेक्यात पोरीची पावलं आपोआप पडायला लागायची, जातं एकदा फिरू लागलं की हाताला भार वाटत नाही तशी.

पाऊल टाकू बाई, हळू धरणीच्या पाठी
माय निजली उन्हात, दमली लेकरांसाठी

आत्या जाऊन किती पावसाळे झाले. पण गेल्या मार्गशीर्षात, शंभर किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत शेवटच्या चढणीवर मैना दगडावर टेकली, तेव्हा तोच आवाज तिला अगदी कानाशी ऐकू आला. पाय उचल गं मैने. तिनं उचलले. शहरातली, परदेशातली माणसं मागं टाकत, कोयनाकाठच्या उंबरटेक धनगरवाडीची मैना येडगे, चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, शेवटची फीत तोडून पार झाली. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणी हातात नव्या बुटांचा खोका दिला. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं पायांकडं पाहिलं, तर ते नुसते पाय होते.

असं होतं म्हणे. शर्यतीत ओळख झालेल्या एका बाईनं फोनवर सांगितलं, मोठी शर्यत संपली की काही दिवस मन ओसाड पडतं. पण काही दिवसांचे महिने झाले. मैना पहाटे उठायची, दाराशी यायची. समोर पायवाट दिसायची, जत्रा उठून गेल्यावर माळ दिसतो तशी. ती थोडा वेळ उभी राहायची आणि चुलीकडं वळायची.

शर्यतवाल्यांनी मनगटावर बांधायला एक पट्टा दिला होता. तो नाडी मोजायचा, झोप मोजायचा आणि बोलायचा. “सुप्रभात मैना! आज फक्त दहा मिनिटं. तू करू शकतेस!”

“ह्यो कोण गं तुझा नवा नवरा?” लहू, तिचा जुना नवरा, अंथरुणातनं म्हणाला. “पहाटं उठून चल चल करतोय. मी इतकी वर्षं केलं असतं तर तू मला इळा मारला असतास.”

मैनानं पट्टा काढून पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. आतून दबलेला आवाज आला, “मैना, आपण हार मानायची नाही.” लहूला हसता हसता ठसका लागला. मैनाही हसली. पण हसून झाल्यावर ती पळायला गेली नाही.

पळायला मैनाकडं नेहमी एक कारण असे. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा दूध खाली डेअरीवर न्यावं लागे. रिकामा कॅन घेऊन ती पळत वर यायची आणि विचारलं तर म्हणायची, “म्हशी खोळंबल्यात.” पुढं तारेवरची ट्रॉली आली, दूध आपलं आपण खाली जाऊ लागलं. तेव्हा बचतगटाच्या बायकांनी शर्यतीत तिचं नाव घातलं आणि “गटाचं नाव राखायचं हाय” हे नवं कारण मिळालं. बाई कारणावाचून पळते असं उंबरटेकावर कुणी पाहिलं नव्हतं. आता दोन्ही कारणं संपली होती. त्या कारणांच्या खाली जे होतं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि ते अजून आहे की गेलं, हे आता तिचं तिलाही कळत नव्हतं.

“झालं न्हवं?” सासरे म्हणायचे. कोंडिबा येडगे, वाडीचे आबा. “बिल्ला मिळाला. आता ऱ्हा घरात निवांत.”

*

चैत्रात एक बाई धापा टाकत पायवाट चढून आली. पाठीवर पिशवी, कपाळावर घाम, केसांत पांढरी बट. अंगणात येऊन तिनं विचारलं, “मैनाताई येडगे कुठं राहतात?”

“मीच की.”

बाई तिच्या तोंडाकडं बघेचना. पायांकडंच बघत राहिली. मग भानावर येऊन म्हणाली, “माफ करा हं. मी डॉक्टर नसीम पटेल. औषधाची नव्हे, जमिनीची डॉक्टर. चार वर्षं मी तुम्हाला रोज ऐकत होते. आज पहिल्यांदा पाहिलं.”

“हिला ऐकताय?” लहू म्हणाला. “आमच्याशी तर ही बोलत बी न्हाई.”

नसीमबाई हसल्या, पाणी प्यायल्या आणि ओट्यावर टेकल्या. मग त्यांनी सांगितलं ते ऐकताना मैनाच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

खालच्या रस्त्यापासून पठारावरच्या मनोऱ्यापर्यंत, पायवाटेच्या कडेनं, फोनसाठी एक तार पुरलेली होती. वाडीतल्याच पोरांनी तिचा चर खणला होता. त्या तारेच्या पोटात काचेचे धागे होते, केसासारखे बारीक. त्यातला एक रिकामा धागा नसीमबाईंच्या संस्थेनं मागून घेतला होता. त्या धाग्यात एका टोकानं प्रकाश सोडायचा. काच कितीही नितळ असली तरी तिच्यात जागोजाग बारीक खोट असते आणि प्रत्येक खोटीवरून थोडासा प्रकाश मागं फिरतो. वर जमीन जराशी हलली, अगदी केसाच्या लाखाव्या हिश्शाइतकी, तरी धागा ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. एवढ्यावरून कळतं, कुठं काय हललं.

“म्हंजी ती तार ऐकती?” मैनानं विचारलं.

“सगळी वाट ऐकते. खालपासून वरपर्यंत एक लांबच लांब कान आहे म्हणा ना. आम्ही तो लावला भूकंपाच्या बारीक कळा ऐकायला. पण रोज पहाटे त्यात एक ठोका यायचा. धप, धप, धप. चढावर जरा जड, सपाटीला हलका. आधी मी वैतागले, म्हटलं काय ही कटकट. मग लक्षात आलं की ही कटकट नाही, ही बत्ती आहे.”

त्यांनी पिशवीतून घडीचा पडदा काढून उलगडला. “पाऊल पडलं की त्याची लाट जमिनीत उतरते. काळ्या कातळातून ती जोरात पळते, भुसभुशीत ओल्या मातीतून रेंगाळते. कुठून निघाली आणि कुठं किती वेळानं पोचली हे कळलं की मधे काय आहे ते काढता येतं. शहरात गाड्यांच्या धडधडीवर हे करतात. इथं गाडी नाही. शेळ्या चालतात, माणसं चालतात, पण ती थांबतात, तंबाखू मळतात, बांधावर बसतात. एका ठेक्यात सगळी वाट रोज तुडवणारं एकच माणूस होतं. खाली डेअरीवर विचारलं, तर तुमचं नाव कळलं.”

पडद्यावर काहीतरी उजळलं. मैनाला आधी तो निखाऱ्यांचा ढीग वाटला. मग तिला ओळखीचा आकार दिसला. टेकाचा उतार, धोंड्याचं वळण, देवराईचा उंचवटा. तो उंबरटेकचा डोंगर होता, पण आतून. कातळाचे थर सोन्यासारखे पिवळे, एकावर एक भाकरी ठेवाव्यात तसे. त्यांच्या भेगांतून उतरणाऱ्या पाण्याच्या निळ्या शिरा. ज्या डोंगरावर ती गवत कापत आली, लेकरं वाढवत आली, त्याचं काळीज तिच्यासमोर उघडं होतं.

“हे सगळं,” नसीमबाई हळूच म्हणाल्या, “तुमच्या पावलांच्या उजेडात दिसलंय. दुसरा दिवा नव्हता.”

मैनानं हात पुढं केला आणि पडद्याला न लावताच मागं घेतला. देवाच्या मूर्तीला शिवावं की नाही असं होतं, तसं तिला झालं.

मग नसीमबाईंनी शेवटचं चित्र दाखवलं, मार्गशीर्षातलं. सोन्याच्या थरांत एका जागी निळा-काळा डाग धरला होता. डागाच्या बरोबर वर वाडी होती.

“हा आधीच्या पावसाळ्यात नव्हता. पाणी साचतंय की माती सुटतेय, सांगता येत नाही. वाढतोय का तेही सांगता येत नाही, कारण पुढची चित्रंच नाहीत. मार्गशीर्षानंतर अंधार आहे.”

“मशीन आणा की ठोकायला,” लहू म्हणाला.

“आणू शकते. पण नवा हातोडा जुन्या चित्राशी जुळत नाही, लहूभाऊ. ठोका तोच राहिला तरच जे बदललंय ते डोंगराचं, असं म्हणता येतं. पावसाळ्याआधी मला हे बघायलाच हवं. माझी आई किल्लारीकडची. भूकंपाच्या त्या पहाटे ती शेतात होती म्हणून मी आहे. मैनाताई, तुम्ही पळणं का सोडलंत?”

मैनानं सूप पुन्हा पाखडायला घेतलं. “उद्या जाते,” एवढंच ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती बक्षिसाचे बूट घालून पळाली. पाय उचलत नव्हते, पण पळाली. परत आली तर नसीमबाई पडद्यावर डोळे लावून बसलेल्या.

“आज कोण पळालं?”

“मीच.”

“तुम्ही नव्हता. हे तर मांजर गेल्यासारखं वाटतंय.”

दोघींनी एकदमच बुटांकडं पाहिलं. शर्यतवाल्यांनी कौतुकानं दिलेले, ढगासारख्या तळव्यांचे बूट. धक्का गुडघ्याला लागू नये म्हणून सगळा ठोका पोटात गिळणारे. गुडघ्यापर्यंत काही पोचत नव्हतं, तसं जमिनीपर्यंतही पोचत नव्हतं.

“आत्या म्हणायची पाऊल हळू टाक, माय निजलीया,” मैना म्हणाली. “इथं तर उलटंच निघालं. जागीच हाय ती.”

तिनं बूट काढले आणि जुन्या, टाचा झिजलेल्या रबरी बुटांत पाय घातले. दुसऱ्या पहाटे ठोका ओळखू आला.

पहिले काही दिवस ती नुसती काम म्हणून गेली. नसीमबाईंना ते धाग्यात दिसायचं. “आज धोंड्याच्या वळणावर रेंगाळलात,” त्या म्हणायच्या. मैना लाजायची. पण रोज परत आल्यावर पडद्यावर आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त उजळलेलं असायचं. एक थर, एक शीर, एक भेग. मग पळताना तिला वाटू लागलं की पायाखाली पणत्या लागतायत. आपण एक पाऊल टाकलं की खाली कुठंतरी, जिथं कधी सूर्य गेला नाही तिथं, एक कोपरा उजळतो, आणि पुढचं पाऊल पडेतो तो थरथरत राहतो. तिचा श्वास आपोआप जुन्या लयीत आला. देवराईपाशी एका पहाटे तिच्या लक्षात आलं की आपण चढण चढून आलोय आणि चढण जाणवलीच नाही.

डाग मात्र वाढला होता. आता तो पसरट परातीसारखा दिसत होता.

नसीमबाईंनी वाडीची बैठक बसवली. आबा पटका बांधून मधोमध बसले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कोयनंचा मोठा भूकंप झाला तवा खालची गावं भुईसपाट झाली. माझा बा सांगायचा, ह्या टेकावरला एक धोंडा हालला न्हाई. ह्या डोंगरानं आमाला धरलंय. अन तुमी म्हणताय, काचंचा दोरा सांगतोय म्हणून घर सोडा? नक्की सांगा बाई, डोंगर बसणार?”

नसीमबाई खोटं बोलू शकल्या नाहीत. “नक्की नाही सांगता येत, आबा. डागाचा वरचा भाग दिसतो. त्याचं बूड दिसत नाही. तो कातळाला चिकटून आहे की मधे पाणी फिरलंय, हे बुडाशी कळेल. एका माणसाच्या पावलांचा उजेड तिथवर पोचत नाही.”

“मग झालं तर,” आबा म्हणाले. मानकऱ्यांनी माना हलवल्या. आबा हलले नाहीत तर वाडी हलणार नव्हती.

बायकांच्या घोळक्यातून मैना उठली. बैठकीत सून बोलत नाही. तिनं पदर सारखा केला आणि बोलली. “एका माणसाचा पोचत न्हाई. गजीचा पोचंल का, बाई?”

नसीमबाईंना गजी माहीत नव्हती. लहूनं सांगितलं. बिरोबाच्या जत्रेत वाडीतले सगळे बाप्ये ढोलाभोवती रिंगण धरतात आणि एका ठोक्यावर एकदम पाय आपटतात. माणसं कितीही असोत, पाऊल एकच ऐकू येतं. नसीमबाईंचे डोळे चमकले.

“जत्रा न्हाई, नवस न्हाई,” आबा गरजले. “आमी देवापुढं नाचतो. मशिनीपुढं न्हाई.”

“डोंगरापुढं नाचायचंय, आबा,” मैना म्हणाली. “तुमीच म्हणता त्यानं आपल्याला धरलंय. मग एकदा त्यालाच इचारू.”

“अन त्यो जा म्हणाला तर?”

“तर त्याचं ऐकायचं. माजं न्हाई, बाईंचं न्हाई.”

आबांनी पटका सारखा केला. मग खांबावरचा ढोल काढायला पोरांना खूण केली.

*

बिरोबाच्या देवळापासून पायवाटेच्या कडेनं रिंगण निघायचं ठरलं. बाप्ये पटके बांधून, हातात रुमाल घेऊन उभे राहिले. नसीमबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या, “एक अडचण आहे. इतकी पावलं नवी आहेत. एक ओळखीचं पाऊल सगळ्यांच्या पुढं हवं, म्हणजे बाकीची त्याला जुळवून घेता येतील.”

सगळ्यांना कळलं, कुणाचं.

“गजीत बाई?” एक म्हातारा म्हणाला. “कधी झालंय?”

आबांनी ढोलाची वादी ताणली. “डोंगर तिची पावलं वळखतोय म्हणं. आपली कुठं वळखतोय? हो गं पुढं.”

ढोल वाजला. मैनानं पहिलं पाऊल टाकलं आणि तिच्यामागं सगळी वाडी एकदम उतरली. धप. धरणीनं ते घेतलं. धप. पायाच्या तळव्यातून, पोटऱ्यांतून, छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी वर आलं. ते ढोलाचं होतं की डोंगराचं, कुणाला सांगता आलं नसतं. धुरळ्यात भंडारा मिसळला. बायका आधी कडेला उभ्या होत्या, मग त्यांचेही पाय हलू लागले, मग त्या रिंगणातच आल्या आणि कुणी कुणाला काही म्हणालं नाही. देवळापासून धोंड्याच्या वळणापर्यंत रिंगण फिरत फिरत गेलं आणि परत आलं. मैनाला वाटलं, शर्यतीत आपण किती एकटे होतो.

ऊन चढल्यावर सगळे गोठ्यात जमले. दारं-झरोके पोत्यांनी झाकून अंधार केला होता. आतल्या भिंतीला पांढरं धोतर ताणलं होतं. नसीमबाईंचं यंत्र बराच वेळ घुमत राहिलं. म्हशी रवंथ करत होत्या. मग धोतरावर डोंगर उमटला.

 आजवर दिसला नव्हता इतका खोल डोंगर दिसत होता. थरांखाली थर, कधीकाळी रसरशीत वाहिलेल्या आणि मग थिजलेल्या दगडाच्या लाटा. अंधारात कोट्यवधी वर्षं गप्प बसलेलं ते सगळं वाडीच्या पावलांनी क्षणभर जागं झालं होतं. म्हातारीकोतारी हात जोडून बसली. एका लेकरानं विचारलं, “आये, आपण ह्याच्यावर ऱ्हातो?” आणि आईनं त्याला मांडीवर ओढून घेतलं.

मग नसीमबाईंनी बोट दाखवलं. वाडीच्या खाली ती काळी परात होती. आणि आता तिचं बूड दिसत होतं. कातळ आणि माती यांच्यामध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या पाण्याची एक अखंड, गुळगुळीत पात होती. वाडी डोंगरावर नव्हतीच. वाडी पाण्यावर होती.

आबा उठून धोतरापाशी गेले. त्यांच्या पाठीवर निळा रंग पडला. तळहात त्यांनी त्या निळाईवर ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.  मग न वळताच म्हणाले, “गुरं पैली काढा.”

*

श्रावणात एका दुपारी टेकाचा उतार घरंदारं, देऊळ, गोठे घेऊन खाली आला. पलीकडच्या माळावरच्या पत्र्याच्या शेडांतून सगळ्यांनी तो आवाज ऐकला. कुणी माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मैनाला हाक मारून समोर बसवून घेतलं. नुसते तिच्या पायांकडं बघत राहिले.

पायवाट गेली होती. तिच्या कडेची तारही तुटली होती. नसीमबाई दुसऱ्या खोऱ्यात गेल्या. जाताना मैनाला मिठी मारून म्हणाल्या, “आता इथं ऐकायला कुणी नाही हो.”

मैनालाही तेच वाटलं होतं. म्हशी खोळंबलेल्या नव्हत्या. गटाचं नाव राखून झालं होतं. डोंगर काय सांगायचं ते सांगून गेला होता. ती वाट बघत होती, शर्यतीनंतर झालं तसं मन पुन्हा ओसाड पडायची. पण तसं झालं नाही. भाद्रपद सरत आला तेव्हा एका पहाटे तिला जाग आली आणि पाय आधीच जागे होते.

शेडबाहेर धुकं होतं. माळाच्या कडेनं एक नवी, कुणाची नसलेली वाट कोयनेच्या जलाशयाकडं जात होती. त्या वाटेखाली काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कातळ असेल, पाणी असेल, थिजलेल्या लाटा असतील. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो गारव्याचा नव्हता. ती जुन्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसली.

“कुठं?” बाहेरच्या बाजेवरून आबांनी विचारलं. ते जागेच होते.

“पळाया.”

आबा उठून बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता, लेकरानं विचारावा तसा. “बिल्ला मिळाला. डोंगर गेला. दोरा तुटला. आता कशापायी गं, पोरी?”

मैनानं तोंड उघडलं. सवयीनं ती कारण शोधू लागली, वनखात्याच्या नाक्यावर पास शोधावा तसं. सापडलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की ते शोधायची गरज नाही, आणि इतकी वर्षं कारणांच्या खाली जे दाबून ठेवलं होतं ते तिथंच, जसंच्या तसं होतं.

“कशापायी न्हाई, आबा,” ती म्हणाली. “मला आवडतं. पैल्या दिवसापास्नं नुसतं आवडतं.”